बनुबाईची खाण

कृष्णात थोरात मूळचा मलकापूरचा. चोवीस वर्षं सैन्यात काढली, त्यातली सोळा पाण्यात. इंजिनिअर पलटणीत पाणबुड्याचं शिक्षण झालेलं. पुलांचे पाय तपासायचे, वाहून गेलेल्या गाड्या शोधायच्या आणि कधीकधी माणसंही. सुभेदार होऊन घरी आला तेव्हा भावकीतल्या चौघांनी चार सल्ले दिले. कुणी म्हणालं बँकेत गार्ड हो, कुणी म्हणालं ऊस लाव आणि गप बस. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि वडूजच्या पुढं बोरजाईवाडीच्या माळावर, एका बंद पडलेल्या दगडखाणीत, माणसांना पाण्याखाली जायला शिकवायचं केंद्र काढलं.

"जितं टँकरनं पाणी प्यायचं, तितं ह्यो बुडायला शिकवणार," म्हणून चुलत्यानं कपाळावर हात मारला.

पण कृष्णातच्या डोक्यात दोन हजार एकोणीसचा महापूर होता. तेव्हा तो सुट्टीवर आला होता आणि सांगलीकडच्या गावांतून आठ दिवस बोट घेऊन फिरला होता. गावोगावची पोरं जिवावर उदार होऊन पाण्यात उड्या टाकत होती. धाडस लय, पण पाण्याखाली गेल्यावर काय करायचं हे एकालाही ठाऊक नाही. हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. नदीत शिकवावं तर पाणी गढूळ आणि ओढ मोठी. ही खाण मात्र शिकवायला केल्यासारखी होती. वीस वर्षांपूर्वी दगड फोडता फोडता खाली झरा लागला आणि खाण काठोकाठ भरली. पुढं दुष्काळात गावानं हेच पाणी प्यायलं, म्हणून कुणी तिथं म्हैस घातली नाही की धुणं नेलं नाही. आता गावाला नळ आला होता आणि खाण रिकामीच होती. म्हणजे पाण्यानं भरलेली, पण रिकामी. वरून बघावं तर हिरव्या काचेसारखं पाणी, आणि खोली ऐंशी फूट. ग्रामपंचायतीनं ठराव करून परवानगी दिली.

पहिल्याच दिवशी काठावर एक म्हातारी येऊन उभी राहिली. काटक बांधा, कपाळ मोकळं, हाताची बोटं पुरुषासारखी जाड.

"खाली काय बगाया आलायसा?" तिनं विचारलं. "मला इचारा की. सगळं सांगते."

ही बनुबाई कांबळे. एकसष्ट वर्षांची. खाण चालू होती तेव्हा वीस वर्षं तिनं इथं खडी फोडली होती. नवरा अर्जुना इथलाच सुरुंगवाला. त्याची छाती दगडाच्या भुकटीनं धरली आणि खाण बंद पडल्यावर चार-पाच वर्षांत तो गेला. मुलगी लग्न होऊन कराडला. बनुबाईचं घर खाणीच्या अगदी वर, माळाच्या कडेला होतं. मग शिकायला येणाऱ्यांच्या जेवणाचं काम तिच्याकडंच आलं. तिची जाऊ सुलाबाई भाकऱ्या थापायची आणि बनुबाई चुलीवर अख्खा मसूर करायची. तो मसूर खाऊन पुण्यामुंबईची माणसंही ताट चाटूनपुसून साफ करायची.

फक्त तिला बोलायची सवय फार. कुणी पाण्यातून वर आलं की हिचं सुरू, "कुटवर गेलतासा? उंबराच्या बुडख्यापाशी? तितनं खाली उतरलं की ट्रकांचा रस्ता लागतुया." माणसं हसून मान हलवायची. कृष्णातही हलवायचा. त्यानं स्वतः मोजून खाणीचा नकाशा केला होता. ट्रक उतरायचा उतार, वीस फुटांवर पहिला टप्पा, चाळीस फुटांवर दुसरा, मग तळ. दुसऱ्या टप्प्यावर उत्तरेच्या कड्याला लागून दगडी बांधकाम होतं. तिथं त्यानं लिहिलं होतं, 'जुनी भिंत'.

एकदा तिनं त्या नकाशावर बोट ठेवलं. "हितं खोली हाय."

"न्हाई मावशी, भित हाय ती. मी शंभरदा बघितली."

"बगितली असशील. पर खोली हाय."

बरं बरं, म्हणून कृष्णात हवेच्या टाक्या भरायला गेला. विषय तिथंच राहिला.

जानेवारीत कृष्णाकाठच्या गावांतली सहा जणांची तुकडी आली. पूर आला की गावासाठी धावणारं त्यांचं मंडळ होतं. त्यात अंकिता पवार होती, पलूसकडची, मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. वय चोवीस. तुकडीत मुलगी एकटीच, पण शिकण्यात सगळ्यांच्या पुढं. बोलायची कमी, विचारायची नेमकं. "सर, खाली वाट चुकली तर पहिलं काय करायचं?" हा तिचा पहिल्या दिवशीचा प्रश्न. कृष्णात म्हणाला होता, "थांबायचं. श्वास घ्यायचा. मग विचार करायचा. हातपाय मारायचे न्हाईत. आपण किती जगणार ते टाकीवर न्हाई, आपल्या श्वासावर असतंय."

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला कृष्णात दोघांना घेऊन खाली उतरला, अंकिता आणि साईराज. साईराज तिच्याच गावचा, अंगानं दांडगा. काठावर कपिल होता, कृष्णातचा साथीदार, मिरजेचा. ऊन चांगलं वर आलं होतं. चाळीस फुटांवरही पाण्यात उजेड होता आणि दुसऱ्या टप्प्यावरचा एकेक दगड दिसत होता.

वीसेक मिनिटं सगळं ठीक चाललं. मग परत फिरताना साईराजचा तोल गेला. तो खाली बसत गेला आणि सावरण्यासाठी त्यानं दोन्ही पाय जोरात मारले. पायात घातलेले रबरी पंखे तळाला लागले. त्या टप्प्यावर वर्षानुवर्षांची दगडाची भुकटी बसलेली, दळलेल्या पिठासारखी. ती एकदम उठली. एका क्षणात सगळं पांढरं झालं. कृष्णातला स्वतःचा हात दिसेना.

त्यानं अंदाजानं हात टाकला तो साईराजच्या पट्ट्याला लागला. पट्टा धरून ठेवला. दुसरा हात जिथं अंकिता असायला हवी होती तिथं टाकला. तिथं पाणी. थोडा पुढं टाकला. पाणीच. एक मिनिट शोधायचं आणि नाही सापडलं तर वर यायचं, हा ठरलेला नियम. वर येऊन सगळे भेटतात. त्यानं मनातल्या मनात साठ आकडे मोजले, मधे थांबत थांबत साईराजला वर आणलं, आणि डोकं पाण्याबाहेर काढून चहूकडं पाहिलं.

अंकिता वर आली नव्हती.

"कपिल, पोरगी?"

"न्हाई आली!"

कृष्णातनं पाण्यावर बुडबुडे शोधले. माणूस खाली श्वास घेत असेल तर बुडबुडे वर येणारच, ते लपत नाहीत. ज्या जागी ती असायला हवी होती तिथं पाणी गुळगुळीत होतं. एक बुडबुडा नाही. सोळा वर्षांत त्यानं असं पाणी अनेकदा बघितलं होतं आणि त्याचा अर्थ त्याला माहीत होता. कपिलनं साईराजला काठाकडं ओढलं. पोरगा "माझ्यामुळं, माझ्यामुळं" म्हणत होता.

तेवढ्यात कड्यावरून हाक आली.

"सुभेदार! हिकडं बग! हिकडं पाणी शिजतंय!"

बनुबाई. पातेलं हातातच घेऊन ती कड्याच्या टोकाशी आली होती आणि खाली बोट दाखवत होती. तिथं, कृष्णातपासून चाळीस-पन्नास फूट लांब, कड्याला चिकटून, बारीक बुडबुड्यांची एक माळ वर येत होती. इतकी बारीक की पाण्याच्या पातळीवरून ती त्याला दिसलीच नसती.

कृष्णात हात मारत तिथं गेला. खाली बघितलं. बुडबुडे खडकातून येत होते. नुसत्या खडकातून.

"मावशी, हितं तर कडाच हाय!"

"आरं त्यो बारुदखोलीचा झरोका हाय! पोरगी खोलीत गेलीया! भित म्हंतोस तीच!" बनुबाईनं पातेलं खाली ठेवलं आणि गुडघ्यावर बसून वाकली. आता ती ओरडत नव्हती. प्रत्येक शब्द सुटा करून सांगत होती. "नीट ऐक. भितीकडं तोंड कर. उजव्या अंगाला कड्याला लागून फट हाय, एक माणूस आडवा जाईल एवडी. आत शिरलास की डावीकडं वळ. चार पावलं. मग परत उजवीकडं. सुरुंगाचं सामान कवा उडालंच तर सरळ भायेर येऊ नये म्हणून तशी आडभित घातली हुती. मग दार. दाराला उंबरा हाय, गुडघ्याएवडा. तेवडा हाताला लागला म्हंजी पोचलास."

"दार उघडं हाय का?"

"दार इकलं खाणमालकानं भंगारात, पाणी चडायच्या आदी. जा!"

कृष्णातनं हवेचा काटा बघितला. टाकी निम्म्याच्या थोडी वर होती. कपिलनं फेकलेली दोरीची फिरकी त्यानं झेलली, टोक कड्यावरच्या बाभळीला बांधायला सांगितलं आणि तो खाली गेला.

भुकटी अजून बसली नव्हती. भिंत दिसायच्या आधी हाताला लागली. त्यानं तिच्याकडं तोंड केलं आणि उजवीकडं सरकत गेला. दगड, दगड, शेवाळ, दगड. मग हात एकदम मोकळा गेला. फट होती. शंभरदा तो या भिंतीसमोरून गेला होता, पण समोरून बघणाऱ्याला ती फट कड्याच्या सावलीतच जिरून जायची. तो आडवा होऊन आत शिरला. पाठीवरची टाकी खडकाला घासली. डावीकडं. चार पावलं, म्हणजे पोहताना हाताच्या दोन वावा. उजवीकडं. आता पुरता अंधार. बनुबाईचा आवाज त्याच्या डोक्यात होता तसाच, शब्दामागं शब्द. त्यानं खाली हात नेला. गुडघ्याएवढा उंबरा हाताला लागला.

आत खोलीत भुकटी कमी होती. छताच्या कोपऱ्यात एक रुपयाएवढा हिरवट उजेड दिसत होता आणि त्या उजेडाखाली कुणीतरी बसलं होतं. अगदी स्वस्थ. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात भिंतीवर. आधी त्याला वाटलं, उशीर झाला. मग त्याला बुडबुडे दिसले. एक झुबका वर गेला, झरोक्यातून बाहेर पडला. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

पोरगी श्वास मोजून घेत होती.

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी असा धरला की पुढं दोन दिवस मनगटावर बोटांचे वळ होते. तिचा काटा शेवटच्या लाल पट्टीत आला होता. त्यानं आपल्या टाकीची जादा नळी तिच्या तोंडात दिली. दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघत चार-पाच श्वास घेतले. मग दोरी धरून, आधी तो, मागं ती, आल्या वाटेनं बाहेर. घाई करून चालणार नव्हतं. खोलातून एकदम वर आलं तर जिवावर बेततं, म्हणून पंधरा फुटांवर तीन मिनिटं थांबावं लागतं, तेही थांबले. आयुष्यात तीन मिनिटं इतकी लांब असतात हे कृष्णातला त्या दिवशी कळलं.

दोघं वर आले. बनुबाई कड्यावरून उतरून पाण्यापाशी आली होती. तिनं पोरीला पोटाशी घेतलं, पदरानं तिचं डोकं पुसलं, कान पुसले, आणि सुलाबाईनं आणलेला चहा बशीत ओतून स्वतः तिच्या ओठाला लावला. पहिला घोट पोटात गेल्यावर अंकिता म्हणाली, "वर कुठं, खाली कुठं कळेना. भिंत हाताला लागली म्हणून धरून चालले. मोकळं लागलं तेव्हा वाटलं, सुटले. आत गेल्यावर कळलं, चुकलं. मग थांबले." एवढं बोलून ती रडायला लागली आणि साईराजही लागला.

कृष्णात जीपच्या मागं गेला आणि मातीत बसला.

दुपार कलल्यावर तो बनुबाईच्या घरी गेला. दोन खोल्यांचं घर, भिंतीला निळा रंग, बाबासाहेबांची तसबीर, खाली अर्जुनाचा फोटो. बनुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. कृष्णात उंबऱ्यापाशी टेकला. आपल्याकडं शिव्यांना शब्द ढीगभर, पण उपकार मानायचे म्हटलं की जीभ जड होते. 'धन्यवाद' हा शब्द सत्काराच्या भाषणातला. तो या दारात बोलावा असं त्याला वाटेना.

"मावशी, तुमी सांगितलं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "खोली हाय म्हणून. मी ऐकलं न्हाई."

"मी तर रोजच सांगते. रोज कोण ऐकतंय?"

"आज तुमी नसता तर..."

"मी कुटं जाती? हितंच असते." तिनं सुपातला एक खडा उचलून फेकला. मग म्हणाली, "त्या खोलीची किल्ली आमच्या मालकांकडं असायची. जेवाण घिऊन मी जायची, तवा ते आतल्या भितीला कान लावून बसल्यालं असायचं. म्हणायचं, दगूड बोलतुया. मी म्हणायची, याड लागलंय तुमास्नी. मग एक दिस सकाळीच वरडत सुटलं, वर चला, सगळी वर चला, पाणी येतंय. मुकादम शिव्या देतुया, हे ऐकनात. बायांच्या हातातल्या पाट्या हिसकून फेकल्या. बेचाळीस माणसं हुतो आमी. शेवटचं माणूस वर आलं आन् खाली धार फुटली." तिनं फोटोकडं बघितलं नाही, सुपातच बघत राहिली. "त्या दिशी कोण गेलं न्हाई. आजबी न्हाई गेलं. लय चांगलं झालं बग."

तांदूळ निवडून झाले तेव्हा तिनं त्याच्यासमोर गुळाचा खडा आणि तांब्या ठेवला. पाणी पिऊन तो उठला.

रविवारी अंकिताचे वडील हंबीरराव आले. पाच एकर उसाचे धनी, पांढरं धोतर, टोपी. येताना द्राक्षांच्या दोन पेट्या आणि जरीकाठी लुगडं घेऊन आले होते. पोरीचा फोन झाल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. बनुबाई समोर आली तशी त्यांनी टोपी काढली आणि वाकायला लागले.

बनुबाई झटकन मागं सरली. "आवं, काय करताय! पाया पडायचं न्हाई आमच्यात. जयभीम घाला नायतर रामराम घाला. बसा, च्या घ्या."

हंबीरराव रामराम घालून जमिनीवरच बसले. "आक्का, माझी पोर तुमी परत दिलीसा. काय मागाल ते सांगा. न्हाई म्हणू नका."

"द्राक्षं ठिवा. सुलाला आवडत्यात. लुगडं तुमच्या कारभारणीला न्या."

"असं नगा करू. कायतरी सांगाच."

बनुबाईनं हंबीररावांकडं नाही, कृष्णातकडं बघितलं. "मला खाली न्या."

सुलाबाई आतून म्हणाली, "खुळी का काय तू!"

"कवाधरनं बगतीया," बनुबाई म्हणाली. "ममईची बायका येत्यात, पुण्याची पोरं येत्यात, माझ्या कामाची जागा बगून येत्यात. मला तेवडी दिसंना. वरनं नुसतं पाणी दिसतंय."

कृष्णातच्या मनात पहिल्यांदा नाहीच आलं. एकसष्ट वय, दगडाच्या धुरळ्यात गेलेली वीस वर्षं. काही झालं तर? त्यातून आठवडा झाला नव्हता ती गोष्ट होऊन. पण ज्या बाईचं एकदा ऐकलं नाही म्हणून काय व्हायची वेळ आली होती, तिला दुसऱ्यांदा नाही म्हणायला त्याचं तोंड उघडेना.

"डॉक्टर व्हय म्हणालं तर नेतो," तो म्हणाला.

अंकितानं ते काम अंगावर घेतलं. तिनं बनुबाईला मिरजेला स्वतःच्या खोलीवर नेऊन दोन दिवस ठेवलं आणि दवाखान्यात सगळ्या तपासण्या केल्या. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी नळीत तीनदा फुंकायला लावलं आणि कागद बघून भुवया उंचावल्या. "आजी, वीस वर्षं खडी फोडलीत म्हणता आणि छाती एवढी साफ?"

"म्या वला पदर नाकाला बांधायची," बनुबाई म्हणाली. "मालकांस्नी बी सांगायची, बांधा. त्यास्नी लाज वाटायची."

वीस फुटांपर्यंत, दोघांच्या मधे, थोडा वेळ, अशी परवानगी मिळाली.

पुढचे चार रविवार अंकिता मिरजेहून यायची आणि ट्रकांच्या जुन्या उतारावर, कंबरभर पाण्यात, बनुबाईला शिकवायची. काळा अंगाबरोबरचा पोशाख चढवायला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. काठावर सुलाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. "रेडकू दिसतीयास गं, रेडकू!" बनुबाई म्हणाली, "दिसू दे. रेडकू पाण्यात तर जातंय." मास्कमधलं पाणी काढायला ती दोन वेळेतच शिकली. श्वासाचं काही शिकवावंच लागलं नाही. तोंडात नळी दिल्यावर ती घण उचलणाऱ्या माणसाच्या संथ तालात श्वास घ्यायला लागली, तशी कृष्णातनं अंकिताकडं बघितलं आणि दोघंही हसले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, अकराच्या सुमाराला, तिघं खाली गेले. एका बाजूला कृष्णात, एका बाजूला अंकिता, मधे बनुबाई. कपिल वर बोटीत. हंबीरराव पलूसहून मुद्दाम आले होते आणि काठावर सुलाबाईशेजारी हात जोडून उभे होते.

पहिला टप्पा म्हणजे बायकांच्या कामाची जागा. पुरुष खाली सुरुंग लावायचे, फुटलेला दगड वर यायचा आणि बायका इथं बसून हातोडीनं त्याची खडी करायच्या. त्या दिवशी पाणी इतकं नितळ होतं की टप्प्यावर अजून पडलेली खडी वेगवेगळी दिसत होती. बारीक मासे घोळक्यानं येत होते आणि बोट लावलं की वळून जात होते. बनुबाईनं सगळीकडं एकदा बघून घेतलं. मग दोघांचे हात सोडून घेतले. कृष्णात दचकला, पण ती कुठं जात नव्हती. ती सावकाश एका सपाट दगडापाशी गेली, त्यावरचं शेवाळ तळहातानं पुसलं आणि बसली. एक मांडी घातलेली, एक गुडघा उभा. बसता बसता वर तरंगायला लागली, तसं अंकितानं तिच्या फुगवलेल्या जाकिटातली हवा थोडी सोडली.

ती बसून राहिली. वरून उन्हाचे पट्टे पाण्यातून हलत हलत तिच्या अंगावर येत होते. कृष्णातनं बोटांनी खूण करून विचारलं, ठीक? तिनं उलट खूण केली, ठीक. पुन्हा विचारलं, वर? तिनं मान हलवली, नाही. आणि शेजारची जागा हातानं थोपटली. सुभेदार कृष्णात थोरात जाऊन तिच्या शेजारी बसला. अंकिता दुसऱ्या बाजूला बसली. तिघं काहीच न करता तिथं सात-आठ मिनिटं बसले होते. कृष्णातनं पाण्याखाली आजवर शोधलंच होतं, कायम काहीतरी शोधलं होतं. नुसतं बसला असा कधीच नव्हता. मास्कमधे त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायची सोय नव्हती.

वर आल्यावर बनुबाई कुणाशी बोलली नाही. लुगडं नेसून, केस पिळून ती उन्हाला बसली. सुलाबाईनं दोनतीनदा विचारलं, "काय दिसलं? सांग की." हंबीररावांनी विचारलं. ती गप्प. एरवी जिचं बोलणं थांबायचं नाही ती गप्प म्हटल्यावर कृष्णातला काळजी वाटली.

"मावशी, तरास होतोय का काय?"

"न्हाई रं." तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं नाक पुसलं. "त्यो माझाच दगूड. वीस वरसं त्याच्यावर बसले. चैत-वैशाकात खाली गोनपाट टाकलं तरी मांड्या भाजायच्या. लेक तान्ही हुती तवा तिला पाटीखाली झाकून ठिवायची." ती पाण्याकडं बघत होती. "आज गार लागला. पयल्यांदा."

हंबीररावांनी टोपी काढून मांडीवर घेतली. अंकिता उठून तिच्या पाठीशी जाऊन बसली आणि तिचे ओले केस टॉवेलनं कोरडे करायला लागली. बनुबाईनं करू दिलं.

मार्चात सांगलीकडची नवी तुकडी आली, अकरा जणांची. सगळे पाण्यात उतरायला उतावीळ, टाक्या कधी मिळतायत बघत उभे. कृष्णातनं बारुदखोलीच्या फटीला तोवर लोखंडी जाळी बसवून घेतली होती आणि जुना नकाशा फाडून टाकला होता. त्यानं सगळ्यांना कड्यावर बाभळीच्या सावलीत जमिनीवर बसवलं. आज पाणी नाही, म्हणाला. आज फक्त ऐकायचं.

बनुबाई आली. स्वच्छ लुगडं नेसलेली. बसलेल्यांकडं तिनं एकदा नजर टाकली, मोठी मोठी माणसं बघून क्षणभर लाजली. मग कोळशानं समोरच्या सपाट खडकावर एक लांब रेघ ओढली.

"ह्यो ट्रकांचा रस्ता," ती म्हणाली. "हितनं सुरवात करूया. मधी कोण बोलायचं न्हाई."

मागच्या रांगेत कृष्णात वही उघडून बसला होता.